लोकरीची छोटी खेळणी: शनिवारच्या वर्गात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीच्या गावभागात आमच्या माडीवर दर शनिवारी दुपारी सात-आठ जणी क्रोशे घेऊन बसतो. तोरणं आणि रुमाल सोडून आम्ही तळहातावर मावतील अशी खेळणी विणतो: ससे, कासवं, बैल, एकदा तर तासगावच्या द्राक्षांचा घड. नव्यानं येणाऱ्यांचे प्रश्न बरेचसे तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत.

तोरण, रुमाल घरात वापरता तरी येतात. ससे-बेडूक विणून काय मिळतं?

हा प्रश्न मला सगळ्यांत आधी सासूबाईंनी विचारला होता, आणि तो रास्त होता. आपल्याकडे बाईच्या हाती सुई आली ती कामासाठी. माझ्या आजीनं जन्मभर क्रोशे केलं. दारावरची तोरणं, टीव्हीवरचा रुमाल, तांब्या-भांड्यावरची झाकणं, घरात कुणी बाळंत झालं की टोपडं आणि पायमोजे. सगळं देखणं होतं आणि सगळं कुणाच्या ना कुणाच्या उपयोगाचं होतं. दुपारी तासभर बसून केवळ मजा म्हणून एक बेडूक करावा, हे तिच्या मनातही आलं नसावं. आलं असतं तर तिनं फार सुरेख बेडूक केला असता.

खेळणं विणताना नेमकं तेच मिळतं, खेळ. रुमालाची नक्षी आधीच ठरलेली असते, तिथं एक टाका चुकला की नक्षी बिघडते. कासवाची मान दोन फेरे जास्त झाली तर ते लांब मानेचं कासव होतं आणि बघणारा हसतो. पहिल्या शनिवारी कपाळाला आठ्या घालून टाके मोजणाऱ्या बायका चौथ्या शनिवारी हातातल्या पिल्लाशी बोलायला लागतात. साठी ओलांडलेल्या एक काकू आमच्याकडे येतात. त्यांनी पहिल्या हत्तीत भरण घातलं, त्याचं पोट फुगलं, आणि त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. म्हणाल्या, ‘लहानपणी भातुकली सोडली ती सोडलीच होती गं.’ माझ्या लेखी या विणकामाचा उपयोग इतका पुरे आहे.

याला अमिगुरुमी म्हणतात ना? म्हणजे काय?

हो. शब्द जपानी आहे. ‘अमी’ म्हणजे विणलेलं आणि ‘नुइगुरुमी’ म्हणजे आत भरण घातलेली बाहुली. दोन्ही मिळून अमिगुरुमी. ही पद्धत जपानमध्ये रुजली आणि तिथून जगभर गेली. मोठं डोकं, लहान अंग, एकमेकांपासून लांब डोळे ही तिची ठेवण. पण बैल सांगलीचा आणि हात आपला असला तरी पद्धत तीच राहते.

मला क्रोशे अजिबात येत नाही. जमेल का?

जमेल, आणि रुमालापेक्षा लवकर जमेल. रुमालाला साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब असे बरेच प्रकार यावे लागतात. खेळण्याला मुख्यतः एकच टाका लागतो, मुका खांब, म्हणजे सगळ्यांत बुटका खांब. त्याच्या जोडीला तीन गोष्टी: सुरुवातीचं दोऱ्याचं कडं, एका टाक्यात दोन टाके घालून वाढवणं, आणि दोन टाक्यांचा एक करून घटवणं. आमच्या वर्गात आम्ही नुसतं ‘एकात दोन’ आणि ‘दोनाचा एक’ म्हणतो.

दोऱ्याचं कडं, ज्याला सगळीकडे मॅजिक रिंग म्हणतात, तेवढं पहिल्या दिवशी छळतं. दोऱ्याची शेपूट, म्हणजे सुटं टोक, ओढली की मधलं भोक पूर्ण मिटावं यासाठी ते असतं. ते जमेपर्यंत दोन साखळ्या घालून सुईपासून दुसऱ्या साखळीत सहा मुके खांब घाला. भोक किंचित राहील, पण काम अडणार नाही.

व्हिडिओ बघून शिकणार असाल तर एक सावधगिरी बाळगा. अमेरिकी लोक ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्यालाच इंग्लंडमध्ये डबल क्रोशे म्हणतात. आपला मुका खांब तो हाच. खेळण्यांचे बहुतेक नमुने अमेरिकी नावांनी लिहिलेले असतात. एका मुलीनं इंग्लंडच्या नावांनी लिहिलेला नमुना अमेरिकी हिशेबानं वाचून सबंध ससा चुकीच्या टाक्यात विणून आणला होता. त्याच्या अंगातून भरण डोकावत होतं.

सामान काय काय लागतं?

फार थोडं. चार पदरी लोकर किंवा त्याच जाडीचा मऊ सुती दोरा, अडीच ते साडेतीन मिलिमीटरची क्रोशाची सुई, मोठ्या नाकाची बोथट सुई, कात्री, भरण, डोळे आणि खुणेसाठी एक सेफ्टीपिन. वर्धमान, गंगा वगैरेंची ॲक्रिलिक लोकर शिवणसामानाच्या दुकानांत सहज मिळते. मी गणपती पेठेत जाऊन हातात धरून घेते, कारण मोबाइलवरचा रंग आणि हातातला रंग यात फरक पडतो. आजीच्या डब्यातली बारीक पोलादी सुई मात्र लेसच्या दोऱ्यासाठी असते. तिनं लोकर ओढायला गेलात तर धागा फाटेल.

पहिल्यांदा फिकट रंग घ्या. काळ्या किंवा गर्द निळ्या लोकरीत टाका दिसत नाही आणि शिकणारी व्यक्ती उगाच स्वतःला दोष देत बसते.

दर फेऱ्यात सहाच टाके का वाढवायचे?

मला हा प्रश्न फार आवडतो, कारण याचं उत्तर शाळेत शिकलेल्या वर्तुळात आहे. मुका खांब जवळपास जितका रुंद तितकाच उंच असतो. प्रत्येक फेऱ्यानं वर्तुळाची त्रिज्या एका टाक्यानं वाढते, आणि त्रिज्या एकानं वाढली की परीघ दोन पायनं (गणितातला पाय, π), म्हणजे साधारण सव्वासहानं वाढतो. म्हणून सहा. ६, १२, १८, २४, ३० असे गेलात की चकती सपाट राहते. साध्या खांबाचा टाका उंच असतो, त्यामुळे त्याच्या चकतीला दर फेऱ्याला साधारण बारा लागतात. आजीच्या रुमालाची सुरुवात म्हणूनच बारा खांबांनी व्हायची. तिनं पाय ऐकलाही नव्हता, पण हाताला तो ठाऊक होता.

वाढवणं थांबवलं की चकतीच्या कडा वर वळतात आणि वाटी होते. घटवत गेलात की वाटी मिटते आणि चेंडू होतो. एक छोटा चेंडू असा: पाच फेऱ्यांत ३० पर्यंत वाढवा, पाच फेरे ३० वरच ठेवा, मग २४, १८, १२, ६ असे चार फेरे घटवा. सगळे मिळून बरोबर ३०० टाके. सरावाच्या हाताला तास-दीड तास पुरतो.

आणि सहापेक्षा जास्त वाढवत राहिलात तर? झालर होते, कोबीच्या पानासारखी. ती चूक म्हणून लगेच उसवू नका, जरा बघा. कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डायना टायमिना यांनी १९९७ मध्ये अशाच ठरावीक प्रमाणात टाके वाढवत नेऊन हायपरबोलिक भूमितीचं, म्हणजे झालरीसारखं मुरडत जाणारं, प्रतल क्रोशानं विणून दाखवलं. कागदावर डोळ्यांपुढे आणायला अवघड असलेली ती भूमिती विद्यार्थ्यांना हातात घेऊन वाकवता आली. आमच्याकडे अशाच एका फसलेल्या चकतीचा कोंबड्याचा तुरा झाला.

प्रत्येक फेऱ्याला टाके मोजायलाच हवेत का?

पहिले काही महिने हो. खेळणं गोगलगायीच्या शंखासारखं गोल गोल वर चढतं. फेरा कुठं संपला ते नुसतं बघून कळत नाही. फेऱ्याच्या पहिल्या टाक्यात सेफ्टीपिन अडकवा आणि फेरा पूर्ण झाला की ती वरच्या टाक्यात सरकवा. वेगळ्या रंगाच्या धाग्याचा तुकडाही चालतो.

माझ्या विणीतून आतलं भरण दिसतं. काय चुकतंय?

बहुतेक वेळा सुई जाड असते. लोकरीच्या कागदावर लिहिलेली सुई स्वेटरच्या सैल विणीसाठी असते. खेळण्याला त्याहून अर्धा-एक मिलिमीटर बारीक घ्या. विण इतकी घट्ट हवी की सुई आत जाताना किंचित अडावी.

दुसरं कारण घटवण्यात असतं. दोनाचा एक करताना सुई दोन्ही टाक्यांच्या फक्त पुढच्या पाकळीतून (टाक्याच्या माथ्यावरच्या दोन धाग्यांतल्या आपल्याकडच्या धाग्याखालून) घाला, मग दोऱ्याचा वेढा घेऊन मुका खांब पुरा करा. गाठोडं होत नाही आणि भोकही पडत नाही. तिसरं कारण साधं आहे: कधी कधी विण उलटी, आतली बाजू बाहेर, झालेली असते. सुलट बाजूला टाके छोट्या इंग्रजी व्हीसारखे दिसतात, उलट बाजूला आडव्या रेघा दिसतात.

आत काय भरायचं? घरात जुन्या उशीचा कापूस आहे.

तो नको. हे मी पुस्तकातून शिकलेले नाही. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात आमच्या खालच्या मजल्यावर पाणी आलं. ट्रंकेत आजीचं पांढरं तोरण होतं आणि त्याच्याजवळ मी केलेली दोन खेळणी. पाणी उतरल्यावर सगळं चिखलाच्या लगद्यासारखं बाहेर काढलं. तोरण चार वेळा धुतलं. पिवळट झालं, पण टाका एकही सुटला नाही. ते आजही आमच्या दारावर आहे. पॉलिएस्टरच्या भरणाचा ससा दोन दिवसांत वाळला. जुन्या कापसाचा हत्ती मात्र आठवडाभर उन्हात ठेवूनही आतून ओलाच राहिला. त्याला वास सुटला, शेवटी टाकून द्यावा लागला. तो माझा पहिला हत्ती होता.

तेव्हापासून मी पॉलिएस्टरचा तंतू वापरते. दुकानात रेक्रॉन म्हटलं तरी देतात. कापूस ओलावा धरतो, गोळे होतो आणि आपल्या पावसाळ्यात खेळण्याला जड करतो. लोकरीचे कातरलेले बारीक तुकडे बरणीत जमवून थोडे थोडे मिसळलेत तर चालतील, फक्त भरण फिकट रंगाचं ठेवा. तांदूळ, डाळ, मोहरी घालून वजन आणायचा मोह होतो. तोही नको, कीड लागते.

भरताना मोठा गोळा एकदम कोंबू नका. चिमूट चिमूट पिंजून पेन्सिलीच्या मागच्या टोकानं कडेकडेनं लावा आणि मध्य शेवटी भरा. मान घट्ट भरली नाही तर डोकं आठवड्यात लवंडतं.

डोळे कोणते लावायचे?

इथं मी जरा कडक आहे. बाजारात मागून चकती बसवायचे प्लास्टिकचे डोळे मिळतात, सेफ्टी आय म्हणून. नाव सेफ्टी असलं तरी विण सैल असेल तर डोळा चकतीसकट ओढून बाहेर येतो. मी भाच्याला दिलेल्या सशाचा एक डोळा असाच निघाला. तो त्याच्या मुठीत सापडला म्हणून बरं. भाचा तेव्हा अकरा महिन्यांचा होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तीन वर्षांखालच्या मुलासाठी डोळे, नाक, तोंड सगळं दोऱ्यानं भरा. मणी नाही, बटण नाही, तार नाही, लांब दोरी नाही. शिंगं-कान-शेपूट दोनदा शिवा आणि देण्याआधी स्वतः जोर लावून ओढून बघा. पाळण्यात झोपलेल्या तान्ह्याजवळ तर कोणतंच मऊ खेळणं ठेवू नका. मोठ्या मुलांना प्लास्टिकचे डोळे चालतील.

पहिलं खेळणं कोणतं करावं?

चेंडू झाला की साप. त्याला जोड नाही, हातपाय नाहीत. सहा टाक्यांचं कडं, बारापर्यंत वाढ, आणि मग कंटाळा येईपर्यंत बारा-बाराचे फेरे. मध्येच रंग बदलला की पट्टे येतात. नागपंचमीला बत्तीस शिराळ्याच्या माहेरवाशिणी निघायच्या आधी आमच्याकडे नागांची घाई असते. फणा म्हणजे एक वेगळी विणलेली चपटी चकती, मागून शिवलेली. फण्यावरचा दहाचा आकडा मात्र दोऱ्यानं भरावा लागतो, आणि तो सरळ यायला सराव लागतो.

ससा लोकप्रिय आहे, पण पहिल्यांदा नको. दोन कान एकसारखे करणं नवशिक्याला रडवतं.

बेंदराचा बैल कसा करायचा?

आषाढ जवळ आला की रोज एक तरी जण हे विचारतं. आपल्याकडे पोळ्याऐवजी बेंदूर. मातीची बैलजोडी आणायची, पुजायची, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायचा. घरातल्या लहानांना ती जोडी खेळायला हवी असते आणि मातीचं शिंग पहिल्या तासात मोडतं. लोकरीचा बैल पडला तरी मोडत नाही. पूजेला मातीचीच जोडी ठेवावी असं माझं मत आहे; लोकरीची पोरांच्या हातात.

आम्ही खिलार करतो, कारण आटपाडी-जतकडचा बैल म्हटला की तोच डोळ्यांपुढे येतो. पांढरी किंवा अगदी फिकट राखाडी लोकर घ्या. धड म्हणजे लांबट अंडं: ३० टाक्यांपर्यंत वाढवा, दहा-बारा फेरे तसेच, मग घट. डोकं लहान आणि निमुळतं, २४ पर्यंतच. पाय चार, प्रत्येकी दहा टाक्यांचे, घट्ट भरलेले. सैल भरलेत तर बैल बसकण मारतो. वशिंड वेगळं विणायचं, १८ टाक्यांची वाटी, खांद्याच्या किंचित पुढं. ते मागं शिवलं की उंट होतो. हे दोघींचं झालं आहे, आणि दोन्ही उंट घरी लाडके आहेत.

खरी गंमत शिंगांत आहे. खिलारचं शिंग लांब, टोकदार, मागं झुकलेलं. चार टाक्यांच्या कड्यानं सुरुवात करा, दर तिसऱ्या फेऱ्याला एक टाका वाढवा आणि आठ टाक्यांवर थांबा. आता शिंग काठीसारखं सरळ असेल. त्याच्या एका बाजूनं धावदोरा घाला आणि हळू ओढा, म्हणजे ते त्या बाजूला वळेल. किती ओढायचं ते डोळ्यानं ठरवा. आमच्यातल्या एक मावशी लहानपणी खरसुंडीच्या यात्रेत वडिलांबरोबर बैल बघायला जायच्या. त्यांच्या एवढं बिनचूक शिंग कुणाला जमत नाही. मोजपट्टी न लावता शिंग हातात धरतात आणि म्हणतात, ‘अजून थोडं मागं.’

शिंगांना हिंगूळ म्हणून टोकाचे चार फेरे लाल घ्या. उरलेल्या लोकरीची झूल, कपाळाला बाशिंग, गळ्यात गोंडे. घुंगरू लहान मुलाच्या बैलाला नको.

जोडताना सगळं वाकडं होतं. उपाय?

आधी टाचण्या लावून बैल उभा करून बघा, सगळ्या बाजूंनी. पटला की मग शिवा. प्रत्येक भाग तोडताना दोऱ्याची वीतभर शेपूट ठेवली असेल तर शिवायला तोच दोरा पुरतो. टाचण्या मोजून लावा आणि मोजून काढा. एकही आत राहता कामा नये. आणि थोडं वाकडं राहू द्या. मान एका बाजूला कललेली खेळणी मुलं आधी उचलतात, हे मी बघितलं आहे.

धुवायचं कसं?

कोमट पाण्यात सौम्य साबण, हातानं दाबून. पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा आणि सावलीत वाऱ्यावर ठेवा. ॲक्रिलिकला इस्त्री दाखवू नका, धागा कायमचा लुळा पडतो.

मुलांना कितव्या वर्षी शिकवावं? मुलग्यांना शिकवता का?

साधारण आठव्या वर्षापासून, जाड लोकर आणि जाड सुई देऊन. त्याआधी बोटांवर साखळी विणू द्या. आणि हो, मुलगे येतात. आमच्याकडचा पाचवीतला एक जण आईला सोडायला आला होता, तो बसूनच राहिला. त्यानं चांदोलीचा गवा केला, पायात पांढरे मोजे असल्यासारखे खालचे फेरे पांढरे घेऊन. गव्याचे पाय खरंच तसे असतात, हे आमच्यापैकी निम्म्या जणींना त्याच्याकडून कळलं.

मनगट दुखतं.

थांबा. अर्ध्या तासानं सुई खाली ठेवायची, मुठी उघडझाप करायच्या, खिडकीबाहेर लांब बघायचं. घट्ट विणीत हातावर ताण येतोच. जाड मुठीची सुई घेतली तर कमी येतो. दुखणं राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

विकून पैसे मिळतील का?

मिळतात, पण आधी दोन गोष्टी समजून घ्या. क्रोशे अजूनही हातानंच होतं, कारखान्यांत विणकामाची यंत्रं आहेत तशी क्रोशाची नाहीत. म्हणून एका बैलाला माझे सहा-सात तास जातात आणि लोकर फार तर पन्नास-साठ ग्रॅम. किंमत लोकरीची लावलीत तर तुमचे तास फुकट गेले. घासाघीस करणाऱ्याला मी तास सांगते, बहुतेक जण गप्प होतात.

दुसरी गोष्ट कायद्याची. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोचं प्रमाणन लागतं. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यात सूट दिलेली आहे. नियमित विकायचं असेल तर कारागीर ओळखपत्राची चौकशी आधी करा. सिनेमातली, कार्टूनमधली पात्रं विणून विकणं मात्र टाळा. ती दुसऱ्याची मालमत्ता आहे, आणि आपल्याकडे गवा, शेकरू, खिलार असताना त्यांची गरजही नाही.

मी स्वतः वर्षाला थोडीच विकते. ऑर्डरी वाढल्या तेव्हा एकाच रंगाचे चाळीस ससे विणताना माझ्या लक्षात आलं की मी हसणं विसरले होते. त्या वर्षी दिवाळीनंतर ऑर्डरी घेणं थांबवलं.

खेळण्याला नाव कधी द्यायचं?

गणपतीच्या मूर्तीला डोळ्यांची आखणी सगळ्यांत शेवटी होते. लोकरीच्या खेळण्याचं उलटं आहे. प्लास्टिकचे डोळे लावायचे असतील तर त्यांची चकती आतून बसवावी लागते, म्हणून ते डोकं मिटण्याआधीच लावावे लागतात. मग उरलेले चार-पाच फेरे घटवत असताना ते तुमच्याकडे बघत असतं. आमच्या वर्गात नावं तेव्हाच पडतात. शेपूट, पाय, वशिंड काही नसतं, नुसतं एक अर्धवट डोकं मांडीवर असतं, आणि कुणीतरी म्हणतं, ‘अगं, हा तर सर्जा.’